शाळेत डायनासोरचा सांगाडा उभा करायचाय, म्युझियमवाले नेमकं कसं करतात?

पाईपवाला_सातपूर

नमस्कार मंडळी, माझं सातपूर एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. शेड, जिने, ग्रिल, टाक्यांचे स्टँड असली कामं. गंगापूर रोडकडच्या एका शाळेच्या ट्रस्टींनी मला गाठलंय, त्यांना आवारात डायनासोरचा सांगाडा हवाय. पुतळा नाही, आख्खा हाडांचा सांगाडा, म्युझियममधे असतो तसा. आधी त्यांनी एका डेकोरेटरकडून थर्माकोलचा करून घेतला होता, पहिल्याच पावसात मुंडकं खाली आलं आणि बरगड्या वॉचमनने गच्चीवर टाकल्यात.

माझं स्पष्ट मत, हे शेवटी स्ट्रक्चरचंच काम. मधे एक मोठा वाकवलेला पाईप, खाली चार पाय, वरून फायबरची हाडं, सगळं फुल वेल्ड मारून एकजीव करून टाकायचं की पुढची वीस वर्षं बघायला नको. पण साडू म्हणतो म्युझियमवाले असं करत नाहीत. तर ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा, जमिनीतून काढण्यापासून उभं करेपर्यंत काय काय करतात, आतलं लोखंड दिसत का नाही, आणि सगळी हाडं खरी असतात का? ट्रस्टींना टी रेक्सच पाहिजे. बजेट विचारू नका, सांगायला लाज वाटते.

टवाळ_पंचवटी

संध्याकाळी सातला द्वारका सर्कलला उभे राहा, सिग्नलची वाट बघून झालेले दोनचार सांगाडे फुकट मिळतील.

शिल्पा_इंदिरानगर

हाहाहा टवाळ. पण माझा सिरियस प्रश्न आहे. मुलगा पाचवीत, डायनासोरचं वेड डोक्यात गेलंय, नाशिकला खोदलं तर मिळेल का हे रोज विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बिल्डिंगच्या मागे स्क्रूड्रायव्हरने खड्डा करून ठेवलाय. सोसायटीची नोटीस यायच्या आत कोणीतरी नीट सांगा.

खडकसिंग

ताई, मुलाचा उत्साह मोडू नका पण खड्डा बुजवा. नाशिकखाली सगळा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला, साल्हेर काय, ब्रह्मगिरी काय, पांडवलेण्याचा डोंगर काय, सगळे त्या थरांतूनच कोरलेले. वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. जीवाश्म व्हायला गाळ लागतो, चिखल, वाळू. मेलेलं जनावर पटकन गाडलं गेलं पाहिजे आणि मग पाण्यातली खनिजं हाडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसली पाहिजेत.

आपल्या राज्यात असे थर विदर्भात उघडे पडतात, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा, डोंगरगाव. त्यांना लमेटा थर म्हणतात. हेच थर जबलपूरला आहेत आणि तिथे 1828 साली स्लीमनला, हो, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच, भारतातली पहिली डायनासोरची हाडं मिळाली. त्यातले मणके पुढे हरवले, कोणालाच पत्ता नाही. शेवटी 2012 साली कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच त्यातला एक परत सापडला. म्हणजे खोदाई गोदामातही करावी लागते.

विहीरवाले_दिंडोरी

बेसाल्टात मिळत नाही म्हणता मग आमच्या विहिरीत काय निघालं? वीसेक फुटांवर एकाला एक लागून गोल दगड, डोक्याएवढे. हातोडी मारली की वरची साल निघते आणि आत परत गोळाच. गावात सगळे अंडी म्हणतात. एक पाहुणा म्हणाला म्युझियमला द्या, लाखात जातील. फोटो टाकलाय बघा.

खडकसिंग

दादा, फोटो बघितला. अंडी नाहीत. बेसाल्टला आडव्या-उभ्या भेगा असतात त्यामुळे ठोकळे पडतात, भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि तो कांद्यासारखा पापुद्रे सोडत सोडत गोल होतो. जिल्हाच आपला तसला, दगडानेही तेच उचललं. खऱ्या अंड्याचं कवच पातळ, एकदोन मिलिमीटरचं, भिंगातून बघितलं तर त्यावर बारीक दाणे आणि हवेची छिद्रं दिसतात.

खरी अंडी मध्य प्रदेशात धारकडे बघायला मिळतील. 2023 साली त्या भागातल्या 92 घरट्यांची आणि 256 अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. तिकडे शेतात निघालेले गोळे लोक काकर भैरव म्हणून पूजत होते, शेताची राखण करणारा देव. तेव्हा तुमचे गोळे देवळात ठेवायला हरकत नाही, फक्त म्युझियमला फोन करू नका.

विहीरवाले_दिंडोरी

म्हणजे लाख गेले.

टवाळ_पंचवटी

घाई करू नका भो. चाळीत भरून ठेवा, पावसाळ्यानंतर भाव चढेल.

नांदूरकर

खडकसिंग यांचं बरोबर आहे पण नाशिकला काहीच नाही असं मुलांना सांगू नका. डायनासोर नाहीत, हत्ती आहेत. बेसाल्टच्या वर गोदावरीने आणलेला गाळ आहे ना, त्यात. आमच्या नांदूर मध्यमेश्वरजवळ मिळालेल्या प्राचीन हत्तीवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पिल्ग्रिमने 1905 साली लिहून ठेवलंय. आताच्या हत्तीपेक्षा कितीतरी थोराड, सरळ सुळ्यांची जात. लोक येतात, फ्लेमिंगो बघतात, फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. हत्तीचा एक बोर्डसुद्धा नाही.

शिल्पा_इंदिरानगर

हे भारीच आहे, मला अजिबात माहीत नव्हतं. रविवारी नेते त्याला. स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून.

खडकसिंग

नांदूरकर, अगदी बरोबर, मी डायनासोरच्या नादात हत्ती विसरलो. फक्त शिल्पाताई, ते काही हजार ते लाख वर्षांच्या हिशोबातलं, डायनासोर कोटींच्या.

आता पाईपवाले दादा तुमच्याकडे येतो. एमएस्सीला असताना मी विदर्भात एका टीमबरोबर गेलो होतो म्हणून थोडंफार सांगू शकतो. खोदाई म्हणजे कुदळ घेतली आणि सुरू असं नसतं. आधी नुसतं चालायचं, उघड्या थरांवरून, ओढ्याच्या काठाने, मान खाली घालून. पावसाने धुपून हाडाचे तुकडे उतारावर घरंगळलेले असतात, ते दिसले की उताराने वर वर जात मूळ जागा शोधायची. हातातला तुकडा हाड आहे का दगड हे कळत नसेल तर जिभेला लावून बघतात. हाडात बारीक छिद्रं असतात म्हणून ते जिभेला चिकटतं, साधा दगड सहसा चिकटत नाही.

जागा सापडली की वरची माती पहार-फावड्याने, हाडाजवळ आलात की टोच्या, दाताच्या डॉक्टरची हत्यारं आणि ब्रश. दगड झालेलं असलं तरी हाड भेगांनी भरलेलं असतं, उघडं पडलं की सुटायला लागतं, म्हणून जसं उघडं पडेल तसा त्यात पातळ डिंक मुरवत जायचं. अ‍ॅसिटोनमधे विरघळवलेला पॅरालॉइड बी-72 म्हणून एक मिळतो. तोच का, तर पुढे कधी काढावासा वाटला तर परत अ‍ॅसिटोन लावलं की सुटतो.

सगळ्यात कंटाळवाणं काम नकाशाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं पण तेच. दोऱ्याने मीटर मीटरचे चौकोन आखायचे, कुठलं हाड कुठल्या चौकोनात, कुठल्या दिशेला पडलंय, किती खोल, नंबर टाकून कागदावर काढायचं. एकदा उचललं की ही माहिती गेली. चारसहा जनावरांची हाडं एकात एक मिसळलेली असतील तर कुठली मांडी कुठल्या कमरेची हे ठरवायला हाच कागद उपयोगी पडतो.

मग प्लास्टर. हाडाच्या चारी बाजूंनी खणत ते मातीच्या एका खांबावर उरेल असं करायचं, वरून ओला टिश्यू पेपर दाबून बसवायचा. हा कागद विसरलात तर प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि लॅबवाले तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमधे बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, मोठं हाड असेल तर आधाराला लाकडी फळ्या. सुकलं की खालून खांब कापायचा आणि सगळ्यांनी मिळून एका दमात उलटं करायचं. त्या वेळी कोणी बोलत नाही. आमच्या एका गठ्ठ्याच्या खालून मुठीएवढा ढेकूळ सुटून पडला तर सगळ्यांचे चेहरे पांढरे. सरांनी तो उचलला, फोडून बघितला, नुसती माती होती. म्हणाले, चहा टाका.

लॅबमधे तो गठ्ठा उघडून हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीने दगड काढत बसायचं, याला खोदाईपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. उभं करण्यातलं मला फारसं कळत नाही, ते कोणीतरी दुसऱ्याने लिहा.

टवाळ_पंचवटी

जिभेला लावून बघतात हे वाचलं आणि मिसळ बाजूला सारली.

खडकसिंग

अजून थोडी सारा. पिसदुरा जगात ओळखलं जातं ते डायनासोरच्या शेणासाठी, म्हणजे शेणाच्या जीवाश्मांसाठी. 2005 साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालायचे.

टवाळ_पंचवटी

म्हणजे तुम्ही ते पण...

खडकसिंग

पुढचा प्रश्न.

शिकागोकर_मूळ_सिडको

उभं करण्याबद्दल मी लिहिते. मी सिडकोची, आता शिकागोत. इथल्या फील्ड म्युझियममधे सू नावाची टी रेक्स आहे, 1990 साली साउथ डकोटात सापडली, 1997 साली लिलावात 83 लाख डॉलरच्या वर गेली. नाशिकहून आलेला प्रत्येक पाहुणा आधी तिथे न्यावा लागतो त्यामुळे माझा तिच्याशी घरोबा आहे.

पाईपवाले दादा, जुन्या सांगाड्यांत तुम्ही म्हणता तसंच करायचे. मणक्यांतून आरपार भोकं पाडायची, लोखंडी सळई ओवायची, फटी प्लास्टरने भरायच्या, वरून रंग. लोखंड दिसायचं नाही कारण ते हाडाच्या पोटात होतं. आता खऱ्या हाडाला सहसा भोक पाडत नाहीत. प्रत्येक हाडासाठी बाहेरून बसणारा स्टीलचा हात तयार करतात, हाडाच्या वळणाप्रमाणे गरम करून वाकवलेला, आतून मऊ अस्तर लावलेला आणि हाडाच्याच रंगाचा. सूच्या जवळ गेलात तर बरगडीखाली बोटभर रुंदीच्या पट्ट्या दिसतात, दहा फुटांवरून दिसत नाहीत. प्रत्येक हाड वेगळं काढता येतं, कोणाला अभ्यास करायचा असेल तर एक बरगडी काढून देतात आणि काम झालं की परत लावतात.

तिची खरी कवटी सांगाड्यावर नाहीच, वेगळ्या काचेत आहे. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन, मानेवर ठेवली तर आधाराला एवढं लोखंड लागेल की बघायला तेच उरेल. म्हणून वर हलकी नक्कल.

खरं_तेच_बोलणार

म्हणजे कोट्यवधी खर्चून मुंडकं खोटंच. मग आपल्या डेकोरेटरने काय वाईट केलं होतं? माझा या प्रकारालाच विरोध आहे. म्युझियममधे माणूस खरी वस्तू बघायला जातो, फायबर बघायचं तर मॉल आहेत की. शाळेने असली नक्कल उभी करून मुलांना फसवू नये, त्यापेक्षा हाताएवढं एक खरं हाड आणून काचेत ठेवा.

फायबरगुरु_अंबड

दादा फसवणूक कशाला म्हणता. नक्कल म्हणजे खऱ्या हाडावरून घेतलेला साचा. हाडावर सिलिकॉन रबर चढवायचं, बाहेरून फायबरचं कवच, दोन भाग सोडवायचे आणि आत जेल कोट, मॅट, रेझिन. रबर इतकं बारीक उचलतं की हाडावरची भेग, दाताची खूण सगळं जसंच्या तसं येतं. आमच्याकडे मूर्तीचं काम येतं त्यात पण हेच. थर्माकोल कोरून रंग मारणं आणि साचा काढणं याच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे, थर्माकोलवाला डोळ्यांनी अंदाज मारतो.

खरं हाड दगड झालेलं असतं, आमचं आतून पोकळ. म्हणून ज्या पोजमधे खरं हाड टांगता येत नाही ती नकलेत जमते.

शिकागोकर_मूळ_सिडको

अगदी हेच. न्यूयॉर्कच्या म्युझियममधे दारातच मागच्या पायांवर उभा राहिलेला बॅरोसॉरस आहे, सगळी नक्कल, कारण खरी हाडं तेवढ्या उंचीवर पेलणं शक्यच नाही. आणि लंडनचा तो प्रसिद्ध डिप्पी, म्हणजे डिप्लोडोकसचा सांगाडा, 1905 पासून लोक रांगा लावून बघायचे, तो पहिल्या दिवसापासून प्लास्टरचा होता, अमेरिकेतल्या हाडांवरून केलेला. फसवणूक तेव्हा होते जेव्हा पाटीवर लिहीत नाहीत.

खरं_तेच_बोलणार

पाटी कोण वाचतं? तुम्ही वाचता?

नांदूरकर

मी वाचतो. असलीच तर.

कोलकाता_रिटर्न

धागा आत्ता बघितला. बँकेच्या नोकरीत बदलीवर कोलकात्यात होतो. तिथे बी. टी. रोडवर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधे लांब मानेच्या बारापासॉरसचा सांगाडा आहे आणि खरं_तेच_बोलणार यांच्यासाठी मुद्दाम सांगतो, मूळ हाडांचा. बारापासॉरस टागोराय, टागोरांच्या नावाने, कारण खोदाई 1961 च्या सुमाराची, त्यांच्या जन्मशताब्दीची. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसा हा प्रश्न मलाही पडला होता. तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या संशोधिकेला बोलावून तिथे भूशास्त्राचा विभाग सुरू करवला होता.

आणि नाशिककरांनो, हाडं कुठली? प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातली! आपल्या सिरोंचाच्या पलीकडे, आता तेलंगणात. तीनशेच्या आसपास हाडं, किमान सहा जनावरांची, झाडांच्या मोठाल्या दगड झालेल्या ओंडक्यांबरोबर एका जागी पडलेली. पुराने आणून टाकली असावीत असा अंदाज. एक मांडीचं हाडच 1.7 मीटरचं. मी शेजारी उभा राहिलो तर उंचीत आमची बरोबरीच झाली, मिसेसने फोटो काढायला नकार दिला.

माझं म्हणणं, टी रेक्स कशाला? तो अमेरिकेचा. गोदावरीकाठच्या शाळेत गोदावरीचा डायनासोर हवा.

खडकसिंग

काका, माहिती एकदम बरोबर, फक्त गोदावरीचा डायनासोर म्हणू नका. ते थर साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा त्र्यंबकही नव्हतं, गोदावरीही नव्हती आणि आपला बेसाल्ट यायला अजून दहा कोटींहून जास्त वर्षं होती. नदी फार नंतर त्या खोऱ्यातून वाहायला लागली.

कोलकाता_रिटर्न

ठीक आहे, गोदावरी ज्याच्या थडग्यावरून वाहते तो डायनासोर. चालेल?

खडकसिंग

चालेल.

आठवीब_अ‍ॅडमिन

काका लोक, मी शाळेतला आहे (ती शाळा नाही). लांब मानेचा झाडपाला खाणारा ठेवला तर पोरं पाच मिनिटं बघतील. दात पाहिजेत. भारतीयच पाहिजे तर राजासॉरस घ्या ना, मांसाहारी आहे, गुजरातचा.

खडकसिंग

चांगला मुद्दा. बालासिनोरजवळ रैयोलीला 1980 च्या दशकात सुरेश श्रीवास्तव वगैरेंनी हाडं गोळा केली होती, 2003 साली नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. तिथे आता म्युझियमही आहे, 2019 पासून. पण राजासॉरसचं काय मिळालंय तर कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, मागचे पाय, शेपटीची काही हाडं. तुला जे दात पाहिजेत तो जबडा त्यात नाही, तो जवळच्या जातींवरून अंदाजाने करावा लागतो. आणि काकांच्या बारापासॉरसची कवटी तर सापडलेलीच नाही, फक्त काही दात.

पाईपवाला_सातपूर

एक मिनिट. दोघांनाही मुंडकं नाही? मग मी वर काय लावू?

टवाळ_पंचवटी

ट्रस्टींचं.

पशुवैद्य_निफाड

हाडांचा विषय आणि मी गप्प बसावं हे शक्य नाही. कॉलेजला आम्हाला बैलाचा सांगाडा जोडायला दिला होता. हाडं उकळून साफ करायची, चरबी काढायची, वाळवायची, मग मणके क्रमाने लावायचे. वाटतं सोपं पण पाठीचे मणके शेजारी शेजारी ठेवले की सगळे सारखेच दिसतात. एका मुलाने तेरापैकी दोन बरगड्या डाव्या-उजव्या केल्या आणि बैल एका अंगाने फुगलेला दिसायला लागला, कोणाला कळेना काय चुकलंय. जिवंत बैल रोज बघणाऱ्या आमचं हे, तर ज्यांनी जनावर कधी बघितलंच नाही त्यांचं काय होत असेल!

शिकागोकर_मूळ_सिडको

डॉक्टर, तेच झालंय प्रत्येक वेळी. जगातला पहिला उभा केलेला डायनासोरचा सांगाडा 1868 साली फिलाडेल्फियात, हॅड्रोसॉरस. कवटी मिळाली नव्हती, मग इग्वाना सरड्यावरून अंदाजाने बनवली, पुढे कळलं तोंड बदकासारखं चपटं असायला हवं होतं. बेल्जियमला बर्निसार्टच्या कोळसा खाणीत 1878 साली, 322 मीटर खोल, इग्वानोडॉनचे तीसच्या वर सांगाडे मिळाले. डोलो नावाच्या शास्त्रज्ञाने समोर कांगारू ठेवला, कॅसोवरी पक्षी ठेवला आणि तसं ताठ उभं केलं, शेपूट जमिनीला टेकवून. शेपूट खरं तर हाडासारख्या झालेल्या स्नायुबंधांनी ताठ होती, ती तशी वाकवायची तर मोडावीच लागते. न्यूयॉर्कचा टी रेक्स 1915 पासून असाच ताठ, 1990 च्या दशकात सोडवून आडवा केला. डिप्पीची शेपूट 1993 पर्यंत जमिनीवर, मग वर उचलली. पिट्सबर्गला अ‍ॅपॅटोसॉरसच्या धडावर भलत्याच जातीचं मुंडकं होतं, ते 1979 साली बदललं. माझी सू सुद्धा 2018 साली परत उभी केली कारण पोटाच्या बरगड्या पहिल्यांदा लावल्याच नव्हत्या, त्या लावल्यावर बाई चांगली भरदार दिसायला लागली.

म्हणून दादा, तुमचं फुल वेल्ड मला खटकलं होतं. सांगाडा म्हणजे त्या वेळच्या लोकांचं मत असतं. मत बदललं की सांगाडा सोडवावा लागतो.

पाईपवाला_सातपूर

हे पटलं. बोल्टिंगच करू. प्रत्येक जॉइंटला फ्लँज, हाडाच्या आत नट वेल्ड करून ठेवायचा, बाहेरून बोल्ट. खर्च वाढतो थोडा. पण पंधरा वर्षांनी कोणी म्हणालं गुडघा चुकलाय तर ग्राइंडर घेऊन कापत बसायला नको.

फायबरगुरु_अंबड

नट थेट फायबरमधे बसवू नका, सुटतो. एक एमएस (साध्या पोलादाची) प्लेट आत लॅमिनेट करायची, तिला नट. आणि ऊन डायरेक्ट येणार असेल तर यूव्हीवाला टॉप कोट मागा नाहीतर दोन उन्हाळ्यात रेझिन पिवळं पडून पांढरी भुकटी सुटते. शक्यतो पोर्चखाली घ्या.

शिल्पा_इंदिरानगर

आणि मुलं लोंबकळणार. हे गृहीत धरा. माझा तर पहिला लोंबकळेल.

खरं_तेच_बोलणार

मी अजूनही विरोधातच आहे. पण करणारच असाल तर एक करा, जी हाडं खरोखर सापडली आहेत त्यांच्यावरून केलेली एका रंगात आणि अंदाजाने केलेली दुसऱ्या रंगात. मग पाटी न वाचणाऱ्यालाही कळेल.

शिकागोकर_मूळ_सिडको

हे उत्तम. बरीच म्युझियम करतात असं, अंदाजाचा भाग थोडा फिका ठेवतात.

कोलकाता_रिटर्न

मुंडकं नाही आणि बजेटही नाही ना? मग आख्खा कशाला? चौदा ते अठरा मीटर लांबी धरतात बारापासॉरसची, शाळेचं आवार तरी पुरणार आहे का? फक्त मागचा एक पाय आणि कंबर करा. ही हाडं सापडलेली आहेत, अंदाज फारसा करावा लागणार नाही. 2010 साली त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालंय, खडकसिंग ते मिळवून देऊ शकतील. शेजारी उंचीची पट्टी लावा. पोरं मांडीच्या हाडाशी उंची मोजतील, दातांची आठवणसुद्धा येणार नाही.

आठवीब_अ‍ॅडमिन

येणार. पण ठीक आहे.

खडकसिंग

पेपर पाठवतो. त्यात मापं बघून चित्र काढा, मग क्ले, मग साचा. आणि नुसत्या अंदाजावर जाण्यापेक्षा कोलकात्याच्या संस्थेला शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहून विचारून बघा.

पशुवैद्य_निफाड

पायाचा कोन ठरवताना मला बोलवा. बारापासॉरसचा पाय हत्तीसारखा उभा, खांबासारखा असतो, पण गुडघा आणि घोटा कुठल्या बाजूला किती वळतो हे फॅब्रिकेटरवर सोडलं तर खुर्चीचा पाय होईल. येताना म्हशीच्या मांडीचं हाड घेऊन येतो, सांधा कसा बसतो ते हातात घेऊन बघा.

पाईपवाला_सातपूर

सगळ्यांचे आभार. आज ट्रस्टींना भेटून आलो. एक पाय म्हटल्यावर आधी तोंडं वाकडी झाली, मग कोटेशन दाखवलं, मग एक पाय चालेल म्हणाले. दोन रंगांचं पण मान्य. शनिवारी दुपारी फायबरगुरु आणि डॉक्टर युनिटवर येतायत, आणखी कोणाला यायचं असेल तर या, चहा-वडापाव आपल्याकडून. फक्त एक अडकलंय. पोर्चसमोरची जागा दिलीय, तिथे काळी माती आहे, फुटिंग, म्हणजे काँक्रीटचा पाया, किती खोल घेऊ? वर फार वजन नाही पण पोरं लोंबकळणार म्हणताय.

विहीरवाले_दिंडोरी

हे मला विचारा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग ठेवलं की पहिल्याच वर्षी पाय कलणार. मुरूम लागेपर्यंत खाली जा, मग भरा. आणि खाली गोल दगड निघाले तर ट्रस्टींना अजिबात दाखवू नका, नाहीतर परत अंड्यांचं कोटेशन मागतील.